भुरीची खाज

सौंदडच्या आजूबाजूच्या दहा-बारा गावांत इंदरलाल पटलेला लोक डॉक्टर म्हणत. तो डॉक्टर नव्हता. ढोरांच्या सरकारी दवाखान्यात तो पट्टीबंधक होता. मोडलेल्या शिंगाला पट्टी बांधायची, खुरकूत आलेल्या बैलांचे पाय धुवायचे, साहेब सुई टोचेपर्यंत म्हशीचं नाक धरून उभं राहायचं, हे त्याचं काम. एकतीस वर्षं त्याने ते केलं. सुरुवातीला कोणी डॉक्टर म्हटलं की तो हात हलवून नाही म्हणायचा. पुढे पुढे त्याने हात हलवणं सोडलं. साहेब बदलून जात, नवे येत, आणि अडलेली गाय समोर आली की नवा साहेबही आधी वळून इंदरलालकडेच पाही.

२००७ साली तो रिटायर झाला आणि त्याच वर्षी, पोळ्याच्या आठ दिवस आधी, त्याची बायको चमेली घरामागच्या सांदवाडीत भेंड्या तोडता तोडता खाली बसली ती उठलीच नाही. लकवा. उजवा हात गेला, उजवा पाय गेला, आणि बोलणं गेलं. चमेलीचं बोलणं जाणं म्हणजे घराचं छप्पर जाण्यासारखंच होतं. घरात पोवारी, शेजारणीशी झाडीबोली, गोंदियाच्या बाजारात हिंदी, तिन्ही तिच्या तोंडून सारख्याच वेगाने सुटत. तिन्ही एका सकाळीत गेल्या. उरला तो एक आवाज, "अंहा". भूक लागली तरी अंहा, पाठ दुखली तरी अंहा, नको असलं तरी अंहा. कुठला अंहा कशाचा, हे इंदरलाल हळूहळू शिकला. बऱ्याचदा चुकायचाही.

मुलगा हेमेंद्र बुटीबोरीच्या एका कारखान्यात होता. दिवाळीला यायचा, आठवड्यातून दोनदा फोन करायचा. बाकी घरात ही दोघं आणि भुरी.

भुरी म्हणजे चमेलीचं मांजर. धानाच्या तणसाच्या ढिगात जन्मलेली, आई कुठे गेली कोणालाच माहीत नाही. चमेलीने तिला कापसाच्या बोळ्याने दूध पाजून जगवलं होतं. इंदरलालला मांजराचं कधी कौतुक नव्हतं. जनावर म्हणजे जे दूध देतं नाहीतर नांगर ओढतं. भुरी दोन्ही करत नव्हती. पण लकव्यानंतर ती चमेलीच्या खाटेवर चढली आणि तिच्या उजव्या कुशीला, मेलेल्या बाजूला, अंगाची गुंडाळी करून निजू लागली. तिला हात लावायचा तर चमेलीला डावा हात छातीवरून पार पलीकडे न्यावा लागे. भंडाऱ्याच्या डॉक्टरांनी सांगितलेला कुठलाच व्यायाम तिने केला नाही. हा एवढा एक केला, दिवसातून पन्नास वेळा.

खाज सुरू झाली २००९ च्या भादव्यात. पाऊस उघडत नव्हता, भिंती घामेजल्या होत्या, गोधड्या दमट. भुरी आधी मानेला खाजवायची. मग शेपटीच्या बुडाशी दात लावून कुरतडायला लागली. मागच्या पायाने कान खाजवताना तो पाय खाटेच्या पाटीवर आपटायचा, आणि स्वयंपाकघरात भाकर थापतानाही इंदरलालला ते ठक ठक ऐकू यायचं. त्याने लक्ष दिलं नाही. जनावर खाजवायचंच.

पहिल्यांदा कळलं ते चमेलीच्या हाताला. एका सकाळी तिने भुरीच्या पाठीवरून हात फिरवला आणि मध्येच थांबवला. "अंहा," ती म्हणाली. हा अंहा नवा होता. इंदरलाल जवळ गेला. त्याने केस मागे सारून पाहिलं. कातडीभर बारीक बारीक खपल्या, कुटकीचे दाणे सांडावेत तशा. शेपटीच्या वरच्या बाजूला केस गेलेले, आणि तिथली कातडी लाल, ओली. चमेली त्याच्याकडे बघत होती. घरात डॉक्टर होता ना.

त्याने कडुनिंबाचा पाला उकळला. कोमट झाल्यावर भुरीला त्यात बुडवलं. हातावर चार ओरखडे आले, भुरीची खाज तशीच राहिली. मग करंजीचं तेल लावलं. भुरीने ते सगळं चाटून काढलं आणि दोन वेळा ओकली. तिसऱ्या दिवशी त्याने ओल्या कापसाने पाठ पुसली, तेव्हा केसांतले काळे कण कापसावर विरघळून लाल झाले. रक्त होतं ते. म्हणजे पिसवा. त्याने चष्मा लावून, बारीक फणी घेऊन अर्धा तास भुरी विंचरली. सापडल्या दोन.

दोन! इंदरलालला ते पटलंच नाही. अंगावर शेंगदाण्याएवढे शंभर गोचीड घेऊन सुखाने रवंथ करणाऱ्या म्हशी त्याने आयुष्यभर पाहिल्या होत्या. दोन पिसवांनी एक जनावर असं सोलून निघतं का? ही खरूज असणार, त्याने ठरवलं.

शेजारची देवकाबाई रोज दुपारी चमेलीची वेणी घालायला यायची. तिने भुरीची पाठ पाहिली आणि पदर नाकाला लावला.

"भाऊजी, हे मांजर गावाबाहेर, बोडीच्या तळ्यापलीकडं सोडून या. वहिनीच्या अंगाले लागंल ना."

"अंहा!" चमेली खाटेवरून म्हणाली. हा कळायला शिकावं लागत नव्हतं.

हेमेंद्रही फोनवर तेच म्हणाला. "बाबा, कायले ठेवून राहिले तुमी ते मांजर? आईले इन्फेक्शन झालं तर?"

इंदरलालने फोन ठेवला आणि चमेलीच्या पायावरची गोधडी बाजूला केली. डाव्या पायावर थोडे डाग होते, खाजवून फुटलेले. उजव्या पायावर, घोट्यापासून पोटरीपर्यंत, लाल ठिपक्यांच्या रांगाच रांगा होत्या. किती दिवसांचे कोण जाणे. त्या पायाला काही कळतच नव्हतं, म्हणून तिने कधी अंहा म्हटलं नव्हतं. रोज तो तिला पुसत होता. त्याला ते दिसले कसे नाहीत?

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास त्याने कोनाड्यातून गोचिडाच्या औषधाची बाटली काढली. बैल विकल्यापासून ती तशीच पडून होती. हे औषध त्याने हजारो ढोरांना लावलं असेल. मोठ्या बैलाला किती, वासराला किती, हे त्याला झोपेत विचारलं तरी सांगता आलं असतं. मांजराचं त्याला कोणी कधी विचारलं नव्हतं. त्याने वासराचं प्रमाण धरलं, त्याच्या निम्मं केलं, आणि आपण सावधगिरी बाळगतोय असं समाधान मानून बोळ्याने भुरीच्या अंगभर लावलं. भुरी निसटली, खाटेवर चढली आणि अंग चाटत बसली.

एक वाजता तिचे कान थरथरू लागले. इंदरलालला वाटलं, माशी बसली. मग पाठीची कातडी लाटांसारखी हलायला लागली. तोंडातून फेस आला. ती उठली, दोन पावलं चालली, आणि मागचे पाय फाकून चमेलीच्या पोटावर पडली. सगळं अंग झटके देत होतं. चमेलीने डाव्या हाताने तिला धरायचा प्रयत्न केला, तो हातही तिच्याबरोबर हलायला लागला. "अंहा! अंहा! अंहा!" ती ओरडत होती, आणि इंदरलाल खाटेच्या पायथ्याशी नुसता उभा होता.

दवाखान्यात असताना अशा वेळी तो एक हाक मारायचा, "साहेब!" तेवढ्यावर त्याचं काम संपायचं. आज हाक मारायला कोणी नव्हतं. त्याने दवाखान्यातल्या नव्या साहेबांना फोन लावला. ते कुठल्याशा गावात लसीकरणाला गेले होते, मागे ढोरांचं हंबरणं ऐकू येत होतं. त्यांनी दोनच वाक्यं सांगितली. आधी साबणाने आणि कोमट पाण्याने ते औषध धुऊन काढा. आणि लगेच गोंदियाला न्या, माझ्याकडे मांजरासाठी काही नाही.

त्याने भुरीला धुतलं. या वेळी तिने ओरखडलं नाही. तिला तेवढी शुद्ध नव्हती. पण गोंदियाला न्यायचं तर चमेलीपाशी कोण बसणार? तो भिजलेल्या सदऱ्यानेच दारात आला. समोरून देवकाबाई येत होती, आरडाओरडा ऐकून.

"जा तुमी," ती म्हणाली. "गाडी यायचा टाइम झाला. मी बसतो इथं."

"तुमीच म्हनत होत्या, बोडीच्या पलीकडं..."

"मंग का झालं? सोडा म्हनलं होतं, मारा नव्हतं म्हनलं. जा ना!"

चमेलीच्या जुन्या लुगड्यात गुंडाळून, टोपलीत घालून त्याने भुरीला स्टेशनवर नेलं. गाडी वीस मिनिटं उशिरा आली. डब्यात तो दारापाशी खाली बसला. भुरीचे झटके टोपलीतून त्याच्या मांडीला कळत होते. एक म्हातारा, धानाचं पोतं घेऊन बसलेला, त्याला ओळखून म्हणाला, "अरे डॉक्टर! कोनाच्या घरचं जनावर आहे?" इंदरलालने लुगड्याचं टोक टोपलीवर ओढून घेतलं. हिरडामालीला गाडी सिग्नलसाठी थांबून राहिली. बाहेर धान पोटरीवर आलं होतं, हिरवंगार, वाऱ्याने डुलत होतं. त्याला ते बघवेना. झटके थांबले की तो लुगडं उघडून श्वास चालू आहे का बघायचा, आणि झटके सुरू झाले की थांबावेत म्हणून डोळे मिटायचा. दोन्हींतल्या कशाची इच्छा करावी ते त्याला कळत नव्हतं.

गोंदियात कुत्र्या-मांजरांचं बघणाऱ्या एक तरुण डॉक्टर होत्या, मंजू मॅडम. टेबलावर टोपली ठेवताच त्यांनी विचारलं, "काय लावलं हिला?"

"कडुनिंबाचं पानी," इंदरलाल म्हणाला.

"अजून?"

"करंजीचं तेल."

"काका, यह नीम से नहीं होता. अजून काय लावलं?"

एकतीस वर्षं त्याने शेतकऱ्यांना अशाच टेबलासमोर झापलं होतं. गाईला काय पाजलं ते आधी सांगा, लपवू नका, लपवलं तर जनावर मरतं. आता तोच टोपलीतलं लुगडं सारखं करत राहिला. भुरीने आणखी एक झटका दिला, तेव्हा त्याने खाली बघत औषधाचं नाव सांगितलं.

"वासराच्या निम्मंच घेतलं होतं, मॅडम. मी दवाखान्यात होतो. मले माहीत आहे."

मॅडमने सलाइनची नळी जोडता जोडताच सांगितलं, "निम्मं नाही, थेंबही नाही चालत. ढोराला, कुत्र्याला जे चालतं ते मांजराच्या शरीराला पचवताच येत नाही. वर तिने ते चाटलं." त्या रागावल्या नव्हत्या. रागावल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं.

भुरीला दोन दिवस ठेवून घेतलं. संध्याकाळच्या गाडीने तो रिकामी टोपली घेऊन परतला. चमेलीने आधी टोपलीकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

"आहे. जित्ती आहे. दवाखान्यात ठेवली," तो म्हणाला.

तिचा विश्वास बसला नाही. तो पुन्हा पुन्हा सांगत राहिला, देवकाबाईने सांगितलं, तरी नाही. इंदरलालने कालवलेला वरणभात तिने तोंड फिरवून नाकारला. देवकाबाईने भरवला तेव्हा खाल्ला. लकव्यानंतर दोन वर्षांत तिने त्याच्या हातचा घास कधी परत केला नव्हता. ते दोन दिवस त्याने खाटेजवळ ताट आणलं, आणि ताट घेऊन परत गेला.

भुरी जगली. तिसऱ्या दिवशी तो तिला आणायला गेला तेव्हा मंजू मॅडमने त्याला समोर बसवून सगळं समजावलं. खरूज नव्हतीच ती. पिसवांचीच खाज होती. "म्हशीला शंभर गोचीड सहन होतात, हिला एक पिसू नाही होत. पिसूची लाळच हिच्या अंगाला चालत नाही. ऍलर्जी आहे. एक चावली तरी आठवडाभर खाजवणार." आणि त्या दोन पिसवा तर फक्त दिसलेल्या. बाकीच्या घरात होत्या. अंडी मांजराच्या अंगावरून गळून गोधडीत, खाटेच्या सुतळीत, जमिनीच्या भेगांत, तणसात पडतात. त्यांच्या अळ्या होतात, अळ्यांचे कोश, आणि कोशात बसलेली पिसू महिनोन्महिने वाट बघते. मान हलवत हलवत इंदरलाल ऐकत होता. हे त्याला ठाऊक असायला हवं होतं असं त्याला वाटत होतं.

मॅडमने खाजेचं इंजेक्शन दिलं आणि मांजरासाठीच असलेल्या औषधाची एक बारीक नळी दिली. महिन्यातून एकदा, मानेच्या मागे, जिथे तिची जीभ पोचत नाही तिथे पिळायचं. ते औषध नागपूरहून मागवावं लागे. आणि घर साफ करायचं. सगळं अंथरूण उकळत्या पाण्यात धुवायचं, कडक उन्हात टाकायचं.

भादव्यात कडक ऊन आणायचं कुठून? इंदरलालने चमेलीला पाठंगुळी घेऊन ओसरीवर आणलं, बाजेवर निजवलं. तिच्या खाटेची सुतळी उसवून जाळली, नवी विणली. गोधड्या उकळल्या, पण त्या पाच दिवस वाळल्या नाहीत, कुबट झाल्या, पुन्हा उकळाव्या लागल्या. तणसाचा ढीग एकट्याने उचलून शेतातल्या बांधीवर नेऊन टाकला. जमिनीच्या भेगा चिखलाने भरल्या, सारवलं. सारवण वाळेपर्यंत देवकाबाईची बकरी आत येऊन गेली. ती येतानाही पिसवा आणत असणार, पण देवकाबाईला बकरी बांधून ठेव म्हणायला त्याला तोंड नव्हतं. आठवडाभराने त्याने पांढरे मोजे घालून सगळ्या घरात फेरी मारली, मॅडमने सांगितल्याप्रमाणे. मोज्यांवर काळे ठिपके उड्या मारत होते. तो दारात बसला आणि मोजे काढून पाण्याच्या बादलीत टाकले.

पण त्याला सगळ्यात जड गेलं ते वेगळंच. घरी आल्यापासून भुरी त्याच्याजवळ येईना. तो खोलीत आला की ती खाटेखाली. वाटीत दूध ठेवून तो बाहेर गेला की मगच बाहेर येऊन प्यायची. नळी घेऊन त्याने तिला पकडायचा प्रयत्न केला, तेव्हा ती भिंतीवर चढली, छपराच्या कवेलूंखालून निसटली आणि दीड दिवस आलीच नाही. चमेली दीड दिवस छपराकडे बघत पडली होती. मग ठरलं ते असं. महिन्याच्या एक तारखेला इंदरलाल सांदवाडीत जाऊन बसायचा. चमेली डाव्या हाताने भुरीला कुशीत दाबून धरायची आणि देवकाबाई तिचे मानेचे केस बाजूला करून औषध पिळायची.

"झालं का?" तो बाहेरून विचारायचा.

"थांबा ना, भाऊजी! आवाज नोका करू, तुमच्या आवाजानं ते हालते."

मग तो आवाजही करत नसे.

दिवाळीपर्यंत भुरीच्या पाठीवर केस आले. हेमेंद्र आला तेव्हा म्हणाला, "बाबा, मस्त ठीक केलं तुमी." इंदरलाल उठून भुरीची वाटी धुवायला गेला. चमेलीच्या पायावरचे ठिपके गेले होते, पुन्हा येतात का तेवढं त्याने रोज सकाळी गोधडी उचलून पाहायचं ठरवलं होतं, आणि पाहत होता. एव्हाना ती त्याच्या हातचं जेवायला लागली होती. कधीपासून, ते त्याला नेमकं सांगता आलं नसतं. एके दिवशी तिने तोंड फिरवलं नाही, एवढंच.

पुढच्या भादव्यात खाज परत आली. त्याच्या पुढच्याही. २०११ मध्ये नागपूरहून औषध आलंच नाही. गोंदियाचा औषधांचा दुकानदार म्हणाला, मोठ्या कुत्र्यांचं आहे, चार भाग करून लावा, सगळे तसंच करतात. इंदरलालने त्याला हात जोडले आणि परत आला. तीन आठवडे औषधाशिवाय गेले. मॅडमकडून एक इंजेक्शन आणलं, त्याने दहा दिवस निभावले. मॅडम म्हणाल्या, हे सारखं सारखं देता येत नाही, त्याचेही त्रास आहेत. बाकीचे दिवस भुरी कुरतडत राहिली. शेपटीच्या बुडाशी पुन्हा तळहाताएवढी जागा उघडी पडली. इंदरलाल गोधड्या उकळायचा, ओसरीवर पसरायचा, पाऊस आला की उचलायचा. उंबऱ्यावर बसून तो आत बघायचा. आत जायची सोय नव्हती, तो गेला की भुरी खाटेखाली पळायची आणि चमेलीचा हात रिकामा पडायचा.

भुरीने मागचा पाय उचलला की चमेली डावा हात पलीकडे नेऊन तो पाय धरायची. पाय थांबायचा. भुरी डोळे मिटून पडून राहायची. चमेलीचा हात थकून सुटला की पाय पुन्हा सुरू. ती पुन्हा धरायची.

"चमेली, राहू दे. हात दुखंल तुहा," तो उंबऱ्यावरून म्हणायचा.

"अंहा," ती म्हणायची.

औषध आलं ते आश्विनात, एका मंगळवारी. देवकाबाईने हात धुऊन ते लावलं. तोवर पाऊस उघडला होता, धान कापणीला आलं होतं, आणि पिसवा तशाही कमी व्हायच्या दिवसांत होत्या. आठ दिवसांनी भुरीची कातडी सुकायला लागली. इंदरलालने दुकानदाराकडे पुढच्या पावसाळ्यासाठी चार नळ्या आत्ताच सांगून ठेवल्या. दुकानदार म्हणाला, सांगतो, पण येतील का नाही, ते माझ्या हातात नाही.

"हो," इंदरलाल म्हणाला, आणि स्टेशनकडे चालू लागला.